मुका माज

'माज' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांच्या शेजारी निमूटपणे नांदत असतात. एक अर्थ मस्तीचा, चढेलपणाचा. सत्तेचा माज, पैशाचा माज असे आपण म्हणतो तो. दुसरा गोठ्यातला. गाय माजावर येते, फळते, गाभण राहते. राहिली नाही तर 'उलटते'. जालना जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी ही क्रियापदे रोजच्या वापरात असतात आणि त्यांचा क्रम चुकलेला कोणाला चालत नाही. याच शब्दकुळातला एक जोडशब्द आम्हाला फार अर्थपूर्ण वाटत आला आहे : 'मुका माज'. म्हैस आतून माजावर आलेली असते. परंतु ती हंबरत नाही, बेचैन होत नाही, चाऱ्यावरून तोंड काढीत नाही. देह जे सांगतो आहे ते आवाजात उतरत नाही. मालकाच्या नजरेतून तो दिवस निसटला की पुढचे सुमारे एकवीस दिवस वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात म्हशींच्या बाबतीत हे विशेष घडते आणि दुधावर चालणाऱ्या घराला ते परवडणारे नसते.

साहित्याच्या अध्यापकांनी या शब्दापाशी थांबण्याचे कारण उघड आहे. न बोललेले वाचणे हा आमचा व्यवसाय. संहितेतील मौन, गाळलेल्या जागा, दडलेले अर्थ यांविषयी आम्ही वर्षानुवर्षे वर्गात बोलत आलो आहोत. परंतु मौन वाचण्याची जी रीत आम्हाला अलीकडे अभ्यासावीशी वाटली ती कोणत्याही समीक्षापद्धतीतली नाही. ती प्राणिसंग्रहालयांतील आहे आणि तिची संहिता आहे विष्ठा. वाघीण, सिंहीण, चित्त्याची मादी, लमचित्त्याची मादी यांच्या विष्ठेतून त्यांच्या प्रजननाची संप्रेरके मोजण्याची ही पद्धत. सुज्ञ वाचकांनी नाक मुरडण्यापूर्वी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

प्रश्न असा आहे. पिंजऱ्यातील वाघीण माजावर आली आहे की नाही, हे ओळखायचे कसे? काही खुणा दिसतात. ती जमिनीवर लोळते, अंग घासते, नाकातून फुरफुरल्यासारखा मृदू आवाज काढते, भिंतींवर मूत्राचे फवारे सोडते. परंतु या खुणा दर वेळी दिसतीलच असे नाही. बंदिवासात तर अनेक माद्या मुक्याच राहतात. नर आणि मादी चुकीच्या दिवशी एकत्र सोडले तर मार्जारकुळात त्याचा शेवट रक्तपातात होऊ शकतो. लमचित्त्यांच्या बाबतीत नराने मादीला ठार केल्याच्या घटना जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना ठाऊक आहेत. म्हणजे येथे चुकीचे वाचन जिवावर बेतते.

रक्त तपासावे, तर वाघिणीचे रक्त काढणे गाईइतके सोपे नाही. तिला भुलीचे इंजेक्शन नेमाने मारून बेशुद्ध करावे लागते. भुलीत धोका असतो, आणि त्या सगळ्या झटापटीच्या ताणामुळे जे मोजायचे तेच बदलून जाण्याचा संभव असतो. शिवाय रक्तातले संप्रेरक क्षणाक्षणाला चढते-उतरते; एका सुईत सापडतो तो एक क्षण. प्रजननाची कहाणी समजून घ्यायची तर आठवड्यातून अनेकदा, महिनोन्‌महिने नमुने हवेत. इतक्या वेळा भूल कोण देईल आणि ती कोण सोसेल? विष्ठा मात्र वाघीण स्वतःहून रोज देते. तिला कोणी हात लावीत नाही. आपल्याविषयी काही जाणून घेतले जात आहे, याचा तिला पत्ताही नसतो.

यामागील शरीरशास्त्र आम्ही आमच्या कुवतीप्रमाणे समजून घेतले ते असे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके काम संपल्यावर यकृतात मोडली जातात. त्यांचे अवशेष काही प्राण्यांत मुख्यतः मूत्रावाटे जातात. मार्जारकुळात मात्र ते पित्ताबरोबर आतड्यात उतरतात. अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेच्या जेनीन ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात किरणोत्सारी खूण केलेली संप्रेरके पाळीव मांजरींना टोचून त्यांचा मागोवा घेतला होता. त्यातील 95 टक्क्यांहून अधिक भाग विष्ठेतून बाहेर पडला. मांजर ही वाघाची मावशी, असे आपण लहान मुलांना सांगतो. या प्रयोगात मावशीने भाच्यांसाठी पुष्कळ काही करून ठेवले म्हणायचे.

पुढील कृती स्वयंपाकघरातल्यासारखी आहे. सकाळी पिंजरा झाडण्यापूर्वी केअरटेकर ताजा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत भरतो, पिशवीवर प्राण्याचे नाव व तारीख घालतो आणि ती डीप फ्रीझरमध्ये ठेवतो. उशीर चालत नाही, कारण विष्ठेतील जिवाणू त्या अवशेषांची मोडतोड चालूच ठेवतात. एका पिंजऱ्यात दोन माद्या असतील तर एकीच्या मांसात खाण्याचा रंग किंवा निरुपद्रवी चमकी घालतात, म्हणजे कोणाचे काय हे दुसऱ्या दिवशी कळते. मग नमुना सुकवायचा, कुटायचा, केस व हाडांचे तुकडे चाळून काढायचे, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये घोळवून अर्क काढायचा. हा अर्क 96 खळग्यांच्या एका पाटीत प्रतिपिंडांबरोबर ठेवला जातो. शेवटी खळग्यांत रंग उमटतो आणि रंगाच्या गडद-फिकेपणावरून संप्रेरकाचे प्रमाण काढले जाते. सुकलेल्या विष्ठेच्या एका ग्रॅममागे इतके नॅनोग्रॅम, अशा आकड्यांनी मग आलेख भरत जातो.

भारतात या पद्धतीचे मोठे केंद्र हैदराबादला आहे. आमचा जालना 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे आजही आमच्या स्टेशनावरून जाते. हैदराबाद येथे सीसीएमबी या संस्थेच्या अंतर्गत लुप्तप्राय प्रजातींच्या संवर्धनासाठी 'लॅकोन्स' नावाची प्रयोगशाळा आहे. तिची कल्पना लालजी सिंग यांची, स्थापना 1998 ची आणि राष्ट्रार्पण 2007 साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. त्याच 2007 साली जी. उमापती यांच्यासह काही शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आशियाई सिंहिणीचा नैसर्गिक माज आणि औषधांनी आणलेला माज यांची वर्तन व विष्ठेतील संप्रेरके यांच्या आधारे केलेली नोंद हा त्याचा विषय. लेखकांच्या नावांत सोनटक्के आणि खोलकुटे ही दोन नावे दिसल्यावर आम्हाला उगाचच बरे वाटले, हे कबूल करतो.

सिंहांविषयी ही धडपड का, हे सांगितले पाहिजे. आशियाई सिंह रानात उरला आहे तो केवळ गुजरातेत, गीर आणि त्याच्या आसपास. 2025 च्या गणनेत त्यांची संख्या 891 भरली. संख्या वाढती आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु सगळा वंश एकाच प्रदेशात राहणे म्हणजे घरातले सारे धान्य एकाच कणगीत ठेवणे. 2018 साली गीरमध्ये कॅनाइन डिस्टेम्पर या विषाणूने सिंह दगावले तेव्हा या भीतीला तोंड फुटले. अशा वेळी बंदिवासातील सिंहांचा वंश ही दुसरी कणगी ठरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सिंहांची संख्या रोडावल्यावर 2022 साली गुजरातहून एक जोडी आणावी लागली, ती याच चिंतेपोटी.

आता वाचनाकडे येऊ. आमच्या दृष्टीने खरा रस तेथे आहे.

पहिली गोष्ट अशी की, एकट्या नमुन्याला अर्थ नसतो. आजच्या विष्ठेत अमुक इतके इस्ट्रोजेन सापडले, यावरून काहीही सांगता येत नाही. त्या मादीची स्वतःची नेहमीची पातळी कोणती, हे आधी महिनोन्‌महिने पाहून ठरवावे लागते. मगच आजचा आकडा उंच की सखल, हे कळते. एका वाघिणीची पातळी दुसरीला लावता येत नाही. एक ओवी तिच्या प्रसंगातून उपटून तिचा अर्थ लावणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही जे सांगतो तेच येथे प्रयोगशाळा सांगते.

दुसरी गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मार्जारकुळातील बहुतेक माद्यांमध्ये बीजांड आपोआप सुटत नाही. समागम झाल्यावर सुटते. समागम झाला, बीजांड सुटले, परंतु गर्भ राहिला नाही, तरी शरीर गर्भ राहिल्यासारखेच वागू लागते. प्रोजेस्टेरॉन चढते आणि चढलेले राहते. याला छद्मगर्भावस्था म्हणावे. वाघिणीचा गर्भकाळ सुमारे साडेतीन महिन्यांचा. त्यातील पहिल्या टप्प्यात खऱ्या गर्भाचा आणि खोट्या गर्भाचा आलेख एकसारखा दिसतो. नंतर खोट्याचा आलेख गर्भकाळ अर्धा होण्याच्या आसपास किंवा त्याआधीच उतरू लागतो. खऱ्याचा टिकून राहतो. म्हणजे उत्तर मिळण्यासाठी थांबावे लागते. पुढे बर्लिनच्या संशोधकांनी विष्ठेतील प्रोस्टाग्लँडिनचा एक अवशेष शोधला. तो खऱ्या गर्भातच, आणि तोही उत्तरार्धात वाढतो. तेव्हा कुठे या दोन आलेखांना वेगळे करणारी खूण हाती आली. शरीर खोटे बोलत नाही, असे एक वाक्य सर्रास ऐकू येते. येथे शरीर निदान काही आठवडे स्वतःच फसलेले असते आणि वाचणाऱ्याने त्याच्याबरोबर फसायचे नसते.

तिसरी गोष्ट, या वाचनाने माणसांच्या खात्रीला दिलेले धक्के. चित्त्याच्या माद्या अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत जोडीने ठेवीत असत. पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटे. 2002 साली नादिया विएलेब्नोव्स्की व सहकाऱ्यांनी त्यांच्या विष्ठेचे आलेख मांडले तेव्हा दिसले की, जोडीने ठेवलेल्या काही माद्यांचे प्रजननचक्र थांबलेले होते आणि त्यांना वेगळे केल्यावर ते पुन्हा सुरू झाले. रानातली चित्त्याची मादी एकटी राहते, एवढी साधी गोष्ट त्यांच्या देहाने सांगून ठेवली होती. लमचित्त्यांच्या विष्ठेतील ताणाची संप्रेरके मोजली तेव्हा ज्यांना प्रेक्षकांसमोर राहावे लागे किंवा मोठ्या शिकारी प्राण्यांच्या शेजारी राहावे लागे त्यांच्यात ती अधिक आढळली. ज्यांचे पिंजरे उंच होते त्यांच्यात कमी. झाडावर चढणाऱ्या प्राण्याला उंची हवी असते. आपल्याकडे लॅकोन्सच्याच संशोधकांनी कान्हा आणि बांधवगड येथील मुक्त वाघांच्या विष्ठेची तपासणी करून 2019 साली दाखवून दिले की, पर्यटनाच्या हंगामात त्यांच्यातील ताणाची संप्रेरके वाढलेली असतात. जिप्सीत बसलेल्या आपल्यासारख्यांना तो वाघ किती निवांत दिसत असेल!

मराठीत वन्य प्राण्यांना डोळ्यांनी वाचण्याची एक समृद्ध परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही कादंबरी वानरांच्या टोळीतील प्रजनन आणि सत्ता यांचे नाते निव्वळ निरीक्षणाच्या बळावर उभे करते. मारुती चितमपल्ली यांनी अरण्यातले शब्द, ठसे, आवाज यांचे भांडार मराठीला दिले. 2025 साली ते गेले तेव्हा एक जिवंत कोशच मिटला. या परंपरेत दुरून, धीराने, प्राण्याला न दुखवता पाहण्याची जी शिस्त आहे ती विष्ठेच्या अभ्यासातही आहे, असे आम्हाला वाटते. फरक इतकाच की, माडगूळकर दिसणारे वाचतात आणि प्रयोगशाळा न दिसणारे.

परंतु परंपरेचा दुसरा पदरही सांगितला पाहिजे. आमच्याच जिल्ह्यातील जांब येथे 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकातील पहिला समास जन्मदुःखाचे निरूपण करतो. गर्भवासातील घाण, रक्त, कोंडमारा आणि पुढे कितीही उत्तम अन्न खाल्ले तरी देहात त्याची विष्ठाच होते, असा त्याचा रोख आहे. हेतू वैराग्याचा आहे आणि तो त्या ग्रंथाच्या योजनेत योग्यच आहे. मात्र गर्भाशय आणि विष्ठा यांना एकाच किळसेच्या टोपलीत टाकण्याची सवय या निरूपणांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पठणातून समाजाच्या हाडीमाशी खिळली, असे आम्हाला वाटते. विटाळाच्या कल्पना अर्थातच समर्थांच्या आधीच्या. त्यांचा भार एका ग्रंथावर टाकणे अन्यायाचे होईल. पण जन्माचा मार्ग अमंगळ, ही भावना वर्गात हा समास शिकविताना मुलींच्या खाली गेलेल्या नजरांत आजही दिसते. त्या पार्श्वभूमीवर, एखादी स्त्री-शास्त्रज्ञ हातमोजे घालून सिंहिणीची विष्ठा चाळते आहे आणि त्यात गर्भाची चाहूल शोधते आहे, हे चित्र आम्हाला मोलाचे वाटते. त्या कामात किळस नाही, पूजाभावही नाही. लक्ष देणे आहे.

येथवर आम्ही या पद्धतीचे गुणगान केले. आता जी गोष्ट आम्हाला स्वस्थ बसू देत नाही तिच्याकडे वळतो.

जालन्याहून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान आहे. तेथील समृद्धी नावाच्या वाघिणीने डिसेंबर 2020 मध्ये पाच बछड्यांना जन्म दिला तेव्हा वर्तमानपत्रांनी ती वार्ता कौतुकाने छापली होती. बछडे गोजिरवाणे असतात. परंतु पिंजऱ्यात जन्मलेला वाघ पिंजऱ्यातच मोठा होणार; त्याला रानात सोडणे जवळजवळ अशक्य. 1998 च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने संग्रहालयांचे मुख्य उद्दिष्ट वन्यजीव संवर्धनाला पूरक होणे हे ठरविले आहे. मग किती जन्म संवर्धनासाठी आणि किती आपल्या हौसेसाठी? विष्ठेचा आलेख या प्रश्नाचे उत्तर देत नाही. कोणत्या दिवशी नर सोडावा, हे तो सांगतो. सोडावा की नाही, हे सांगत नाही. मादीचा देह न दुखवता वाचता येतो, याचा अर्थ त्या वाचनावर तिचा काही अधिकार चालतो असा नव्हे. न दुखवणे ही फार मोठी गोष्ट आहे. पण संमती ही वेगळी गोष्ट आहे.

'संमती' हा शब्द येथे आला तो आमच्या वर्गातून. आमच्या महाविद्यालयात घनसावंगी, अंबड, मंठा या तालुक्यांतून येणाऱ्या मुली आहेत. त्यांतील कित्येकींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे एका विद्यार्थिनीने 'आई' या विषयावरील निबंधात सरळ एक वाक्य लिहिले होते : आईची पिशवी काढली तेव्हा मी सहावीत होते. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात. पोटात दुखते म्हणून आई एका खाजगी दवाखान्यात गेली होती. पुढे कॅन्सर होईल, असे तिला सांगण्यात आले. तिचे वय तेव्हा तिशीच्या अलीकडे होते. निबंधात तक्रार नव्हती. काढल्यापासून खाडे पडत नाहीत, एवढेच पुढचे वाक्य होते.

हे एकटीचे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत कामावर खाडा पडला की मुकादम दंड लावतो. उसाच्या फडात न्हाणीघर नाही, पाणी नाही. दुखणे अंगावर काढावे लागते. या सगळ्याची बेरीज त्या आकड्यात आहे.

वाघिणीच्या विष्ठेवरून ऊसतोडीच्या बाईपर्यंत येणे काही वाचकांना अनुचित वाटेल. स्त्रीची तुलना पशूशी करणे हा आमचा हेतू नाही. ती तुलना आपल्या समाजाने पुरेशी करून ठेवली आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. एका मादीच्या गर्भाशयात काय चालले आहे, हे तिला सुईदेखील न टोचता जाणून घेण्यासाठी माणसाने केवढे कष्ट घेतले! महिनोन्‌महिने नमुने साठविले, एका आकड्यावर विश्वास ठेवला नाही, खऱ्या-खोट्या गर्भाचा फरक कळेपर्यंत निर्णय थांबवून धरला. आणि इकडे एका बाईने पोटात दुखते म्हटल्यावर एका भेटीत तिच्या देहाचे वाचन संपले. तेथे पातळी पाहिली गेली नाही, थांबले गेले नाही, दुसरा अर्थ शोधला गेला नाही. वाघीण बोलू शकत नाही, म्हणून तिच्या विष्ठेला विचारावे लागते. ही बाई तर बोलत होती. तिचे बोलणेच मुक्या माजासारखे वागविले गेले.

कोणी म्हणेल, वाघिणीवर खर्च होतो म्हणून बाईवर होत नाही, असा तर तुमचा दावा नाही ना? नाही. संवर्धनाचा पैसा काढून घेतल्याने ऊसाच्या फडात शौचालय उभे राहणार नाही. उलट आम्हाला असे वाटते की, ज्या समाजाला पिंजऱ्यातील प्राण्यापुढे थांबून लक्ष देण्याची शिस्त साधते त्याला ती माणसांपुढे साधणारच नाही, असे मानण्याचे कारण नाही. शिस्त माहीत आहे, साधने आहेत. 'लवकर निदान' आणि 'घाईचे निदान' यांतला फरक प्रयोगशाळेला कळतो, तो दवाखान्यालाही कळू शकतो.

आमच्यापुरते आम्ही एक केले आहे. पदव्युत्तर वर्गाच्या समीक्षेच्या तासाला या वर्षी आम्ही त्या खऱ्या आणि खोट्या गर्भाच्या आलेखांची रेखाटने फळ्यावर काढली आणि मुलांना विचारले, कोणत्या आठवड्यात तुम्ही निर्णय द्याल? बहुतेकांनी पहिल्याच टप्प्यात दिला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, सर, मॅडम, अजून थोडे दिवस जाऊ द्या. ती गोठा असलेल्या घरातली आहे, हे तिने नंतर सांगितले.